शॉर्ट फिल्मचं एडिटिंग आणि साउंड: नाशकात, घरच्या लॅपटॉपवर

हौशी फिल्मचं बजेट बहुतेक वेळा शूटिंगच्या शेवटच्या दिवशी संपतं. कॅमेऱ्याचं भाडं, जेवणं, गाडीचं पेट्रोल यात पैसे गेलेले असतात आणि साउंडसाठी काहीच उरलेलं नसतं. चित्र जरा अंधारलेलं असलं तरी लोक बघत राहतात. पण शेजारच्याला ‘काय म्हणाला रे?’ असं विचारावं लागलं की फिल्म तिथेच सुटते. साउंडचं बरंचसं काम मोफत सॉफ्टवेअरवर होतं. त्याला पैशापेक्षा वेळ जास्त लागतो, आणि कामाचा क्रम चुकला तर तोही वाया जातो.

पुढचं सगळं दहा ते पंधरा मिनिटांच्या फिल्मसाठी आहे. फोन किंवा साधा मिररलेस कॅमेरा, दोन कॉलर माइक, एक तारेचा हेडफोन आणि लॅपटॉप, एवढंच सामान गृहीत धरलंय. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घ्या. कट, रंग आणि साउंड ही तिन्ही कामं त्या एकात होतात. ८ जीबी रॅम असेल आणि ग्राफिक्स कार्ड नसेल तर रिझॉल्व्ह सारखं अडकतं. तिथे केडेनलाइव्ह किंवा शॉटकट बरं, आणि साउंडसाठी ऑडॅसिटी. शूटिंगआधी आपल्या कॅमेऱ्याची एक क्लिप सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघा. काही कॅमेऱ्यांच्या दहा बिटच्या (जास्त रंगछटा साठवणाऱ्या) फायली मोफत आवृत्तीत उघडत नाहीत, आणि हे शेवटी कळलं तर सगळं फुटेज बदलून घेण्यात रात्र जाते.

शूटिंगलाच उरकायचं, नाहीतर नंतर होत नाही

फ्रेम रेट २५ (सेकंदाला २५ चित्रं) आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. फोन सहसा ३० फ्रेमवर असतो, त्यात चित्रावरून काळसर पट्टे सरकताना दिसतात, आणि ते एडिटिंगमध्ये धड निघत नाहीत. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात हे आकडे बदलता येत नसतील तर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा यांपैकी तुमच्या फोनवर चालणारं अ‍ॅप घ्या. दोन्ही मोफत आहेत.

माइकची पिन नीट बघा. फोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. पिन चुकली की आवाज येत नाही किंवा अगदी बारीक येतो, आणि कुणीतरी माइकच खराब आहे म्हणून मोकळा होतो. काही कॉलर माइकच्या तारेवर एक डबी असते, तिच्यात एलआर४४ सेल आणि फोन-कॅमेरा असं बटण असतं. निम्मे ‘मेलेले’ माइक या बटणाने जिवंत होतात.

कॉलर माइक हनुवटीपासून एक वीत खाली लावा. सुती कपडा चालतो. पॉलिस्टर आणि सिल्क खसखसतं, म्हणून तिथे माइकच्या दोन्ही बाजूंनी मेडिकलच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी लावून कापड आणि माइक एकत्र बांधून टाका, म्हणजे एकमेकांवर घासत नाहीत. मंगळसूत्र हा नेहमीचा घोटाळा. वाट्या माइकवर टकटक आपटतात आणि तो आवाज नेमका शब्दावर बसतो. वाट्या आतल्या बाजूने चिकटवा किंवा माइक कपाळाच्या काठाजवळ केसांत लपवा. हातभर काचेच्या बांगड्या घालून कणीक मळत संवाद म्हणायचा असेल, तर बांगड्यांना आतून पट्टी लावा आणि किणकिण नंतर वेगळी रेकॉर्ड करून टाका.

लेव्हल अशी ठेवा की मोठ्यात मोठा शब्द मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल (शून्य ही कमाल मर्यादा). ओरडण्याचा प्रसंग असेल तर आधी ओरडून घ्या आणि त्यावर लेव्हल लावा. शून्याला आपटलेला आवाज फाटतो, तो पुन्हा शिवता येत नाही. ऑटो लेव्हल बंद ठेवा. ते चालू असलं की कलाकार गप्प झाला की मागचा पंखा हळूहळू वर चढतो आणि तो बोलू लागला की खाली बसतो. असा हेलकावे खाणारा आवाज स्वच्छ करणं जवळजवळ अशक्य.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एका माइकची मिनिटाला साधारण साडेआठ एमबी होते, म्हणजे जागेची चिंता नाही. फोन एरोप्लेन मोडवर टाका.

पंखा, फ्रीज, वॉटर प्युरिफायर बंद करा. फ्रीज बंद केला की गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवा. घरी निघताना किल्ली शोधाल तेव्हा फ्रीज चालू करायचं आठवेल, आणि ज्यांनी घर दिलंय त्यांचं दूध नासणार नाही.

प्रत्येक जागेवर, सीन संपल्यावर, सगळ्यांना जिथल्या तिथे उभं करून एक मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा. हिला रूम टोन म्हणतात. युनिटला कंटाळा येतो, कुणीतरी हसतं, पण एडिटिंग टेबलावर या मिनिटाइतकं उपयोगी दुसरं काही नसतं. ते का, ते खाली येईलच.

नाशकात कुठे लाइव्ह साउंड घ्यायचा, कुठे डबिंग

हे स्क्रिप्टच्या वेळीच ठरवा. रामकुंड आणि गोदाघाटावर दिवसा लाइव्ह संवादाच्या फंदात पडू नका. घंटा, भोंगे, कावळे, फेरीवाले आणि संध्याकाळी आरती. आवाज मोठा आहे ही अडचण नंतरची. खरी अडचण ही की तो सतत बदलतो. पहिल्या टेकच्या मागे भजनाचं ध्रुवपद असतं, दुसऱ्याच्या मागे अंतरा. दोन टेक जोडले की गाणं मध्येच उडी मारतं आणि प्रेक्षकाचं लक्ष संवादावरून तिकडे जातं. वर भोंग्यावर एखाद्या कंपनीचं रेकॉर्ड वाजत असेल तर यूट्यूबवर हक्काचा दावा लागतो तो वेगळाच. घाटावरचे सीन डबिंग धरून लिहा: लांबून घेतलेले, पाठमोरे, ओठ फारसे न दिसणारे. किंवा पहाटे पाचला जा.

पांडवलेणी आणि पायथ्याचं फाळके स्मारक दिसायला छान, पण मुंबई-आग्रा महामार्ग खाली अखंड घुमत असतो. ही घरघर एकसारखी असल्यामुळे कटमध्ये त्रास देत नाही. खालची पट्टी (जाड, घुमणारे सूर) कापली की संवाद बऱ्यापैकी वर येतो. लेण्यांच्या आत मात्र दगडामुळे आवाज घुमतो आणि तो घुमारा नंतर धड काढता येत नाही. तिथे माइक तोंडाजवळ हवाच. लेणी संरक्षित स्मारक आहेत, ट्रायपॉड लावण्याआधी परवानगीचं बघा.

गंगापूर धरणाकाठी वारा. माइकवर केसाळ टोपी नसेल तर रेकॉर्डिंग म्हणजे नुसता भुस्स आवाज. स्पंजची टोपी घरात ठीक, धरणावर तिचा उपयोग नाही. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत शूट असेल तर मालकाला आधी विचारून घ्या की फवारणी कधी आहे. शेजारच्या बागेतला ट्रॅक्टरचा ब्लोअर बराच लांबवर ऐकू येतो आणि सुरू झाला की तासाभरात थांबत नाही. देवळालीच्या बाजूला तोफखान्याच्या सरावाचे दणके येतात. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांमध्ये लाकूड भरपूर, त्यामुळे आवाज गोड लागतो. नव्या फ्लॅटमध्ये टाइल्स आणि मोकळ्या भिंती, तिथे कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूला गोधड्या आणि गाद्या उभ्या करा. पावसाळ्यात पत्र्याखाली लाइव्ह संवाद घेऊ नका.

फायली आणि सिंक (चित्र-आवाज जुळवणं)

कार्ड रिकामं करण्याआधी दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करा. फोल्डर सीननुसार पाडा. नावात सीन, शॉट आणि टेक असू द्या: ‘०४_ब_३’ म्हणजे चौथा सीन, ब शॉट, तिसरा टेक. फोनने दिलेल्या लांबलचक आकडी नावांवर काम कराल तर दहाव्या दिवशी तुमचंच तुम्हाला कळणार नाही.

फोनचं फुटेज टाइमलाइनवर टाकण्याआधी हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर या सॉफ्टवेअरमधून काढून घ्या आणि ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट, २५’ निवडा. फोन प्रकाश आणि उष्णतेनुसार फ्रेम रेट थोडा वरखाली करतो. सुरुवातीला ओठ जुळलेले, तीन मिनिटांनी सुटलेले, या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दुसरं कारण म्हणजे ४४.१ वर रेकॉर्ड केलेला आवाज ४८ समजून वाजवला जाणं. तेव्हा माणूस जरा घाईत आणि बारीक आवाजात बोलतो, आणि वेग जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढलेला असतो. फाइल ४८ मध्ये नीट बदलून घेतली की काम झालं.

रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या टाइमलाइनचा फ्रेम रेट २५ करा. एकदा क्लिप पडली की तो बदलता येत नाही. मग व्हिडिओ आणि माइकची फाइल एकत्र निवडून वेव्हफॉर्मवरून (आवाजाच्या आलेखावरून) ऑटो सिंक करा. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालू ठेवलेला असेल तरच हे जमतं. जिथे जमत नाही तिथे टाळी शोधा: हात मिटल्याची फ्रेम आणि आवाजातलं टोक एकाखाली एक.

लांबून घेतलेल्या शॉटमध्ये ऑटो सिंक थोडं फसतं. आवाजाला सुमारे १४ मीटर जायला एका फ्रेमचा वेळ लागतो. कॅमेरा नदीच्या या काठावर आणि कलाकार पलीकडे असेल तर कॅमेऱ्यातला आवाज तीनचार फ्रेम उशिरा पोहोचलेला असतो, आणि सॉफ्टवेअर त्याच्याशीच कॉलर माइक जुळवतं. अशा वेळी माइकचा आवाज तेवढ्या फ्रेम पुढे, म्हणजे आधी ओढा. डोळ्याने खात्री होत नसेल तर प, ब, म बघा. या अक्षरांना ओठ मिटतात.

ब्लूटूथ हेडफोनवर सिंक तपासू नका. आवाज काही फ्रेम उशिरा येतो, तुम्ही तो ‘दुरुस्त’ करता आणि जुळलेली फिल्म बिघडवून ठेवता.

आधी चित्राचा कट, मगच साउंड

पहिला कट लांब आणि ओबडधोबड असू द्या. सगळे सीन क्रमाने, चांगला टेक लावून, संगीत न लावता. संगीत लावलं की मरगळलेला सीनही बरा वाटतो आणि नंतर ते काढलं की उघडा पडतो. दुसऱ्या फेरीत प्रत्येक सीनचं पहिलं आणि शेवटचं वाक्य काढून बघा. माणूस दार उघडून आत येतो, चपला काढतो, बसतो, पाणी पितो आणि मग बोलतो. हौशी फिल्म इथेच रेंगाळते. पाण्याच्या तांब्यापासून सुरू करा.

संवादात चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर कापू नका. बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवा, किंवा पुढच्या सीनचा आवाज अर्धा सेकंद आधी येऊ द्या. संवादाच्या बहुतेक कटमध्ये हे चालतं आणि त्यात खराब टेकही लपतात. ओठ दिसत नसतील तर चौथ्या टेकचा आवाज दुसऱ्या टेकच्या चित्राखाली घालायला कुणाची हरकत नाही.

कट पक्का झाला की तसं सगळ्यांना सांगा आणि त्यानंतर चित्राला हात लावू नका. साउंडचे पंधरा ट्रॅक भरल्यावर दिग्दर्शकाने सहा फ्रेम काढल्या तर पुढचं सगळं सहा फ्रेम सरकतं, आणि कुठला आवाज कुठे राहिला हे शोधत बसावं लागतं. साउंड दुसऱ्या कुणाकडे देणार असाल तर चित्र सुरू होण्याच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमची ‘टीं’ टाका. एक किलोहर्ट्झचा टोन पुरे. परत आलेला ट्रॅक तिच्यावर जुळतो.

संवाद धुणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ट्रॅक असे वाटा: प्रत्येक पात्राला एक, डबिंगला एक, रूम टोनला दोन, जागेच्या आवाजांना दोन, हातापायांच्या बारीक आवाजांना दोन-तीन, संगीताला एक किंवा दोन. पात्रागणिक ट्रॅक वेगळा ठेवला की इक्वलायझर (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारं साधन) एकदाच लावावा लागतो.

कॉलर माइकचा आवाज एकाच कानात येत असेल तर आधी क्लिप मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) करा. दोन पात्रं शेजारी बसलेली आणि दोघांचे माइक चालू असतील तर जो बोलत नाही त्याचा माइक त्या वाक्यापुरता बंद करा. एकच आवाज दोन माइकमधून किंचित वेगळ्या वेळी आला की तो पोकळ ऐकू येतो.

नंतर क्रम असा. एकेका शब्दाची लेव्हल क्लिपवरच हाताने सारखी करा. मग खालचा भाग कापा: पुरुषांच्या आवाजाला ८० हर्ट्झखाली, बायकांच्या आणि मुलांच्या आवाजाला १००-१२० खाली. विजेची गुणगुण असेल तर ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर अरुंद खाच पाडा. मग नॉइज रिडक्शन. ऑडॅसिटीत सेकंदभराचा निव्वळ पंख्याचा किंवा रस्त्याचा आवाज निवडून नॉइज प्रोफाइल घ्या, मग पूर्ण क्लिप निवडून ६ ते १० डेसिबल कमी करा. तिथे थांबा. २०-२५ वर नेलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो, आणि त्यापेक्षा मागचा पंखा परवडला. आवाज डब्यातून आल्यासारखा असेल तर ३०० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल काढा. शब्द स्पष्ट होत नसतील तर ३ किलोहर्ट्झला दोन डेसिबल द्या. सगळ्यात शेवटी कंप्रेसर (मोठा आवाज दाबून हळू-मोठ्यातला फरक कमी करणारं साधन), ३:१, मोठ्या शब्दावर तीन ते सहा डेसिबल दाबेल इतपत. कंप्रेसर आधी लावला तर बारीक आवाजांबरोबर मागचा गोंगाटही वर येतो आणि मग नॉइज रिडक्शनला जास्त ओढावं लागतं.

आता एक अवघड सीन घ्या. जुन्या नाशकात तांबटाचं दुकान, बाप हंड्यावर ठोके घालतोय, मुलगा नोकरीचं सांगायला आलाय. ठोके संवादावर पडतायत. नॉइज रिडक्शन इथे काही करत नाही, कारण ते सतत एकसारख्या आवाजाला ओळखतं. ठोका क्षणाचा असतो आणि त्याची झणझण शब्दाच्या वरच्या पट्टीतच बसते. त्यात ठोक्यांना ताल असतो. बापाच्या शॉटवरून मुलाच्या शॉटवर कट मारला की ताल तुटतो आणि कट कानाला टोचतो.

यावर उपाय एकच, तोही शूटिंगलाच करायचा. मुलाच्या क्लोजअपला ठोके पूर्ण बंद. बापाच्या संवादाच्या शॉटला हातोडी उचलायची पण भांड्यावर फडक्याची घडी ठेवून मारायचं, हालचाल खरी, आवाज दबका. संवाद झाल्यावर खऱ्या ठोक्यांचं तीन मिनिटं सलग रेकॉर्डिंग, एकदा एक मीटरवरून आणि एकदा दुकानाबाहेरून. टेबलावर आधी नुसता संवाद लावा. त्याखाली रूम टोन. मग बापाच्या हाताची हालचाल दिसते तिथे जवळचे ठोके एकेक करून फ्रेमवर बसवा. मुलाच्या चेहऱ्यावर कॅमेरा असताना ठोके शब्दांच्या मधल्या जागेत सरकवा. तिथे हात दिसत नाही, त्यामुळे दोन-चार फ्रेम इकडे-तिकडे कुणाला कळत नाहीत. मुलाने ‘मी पुण्याला चाललोय’ म्हटल्यावर पुढचा ठोका जरा उशिरा टाकला, तर बापाने काहीही न बोलता उत्तर दिलेलं असतं. बाहेरून घेतलेले ठोके सीनच्या आधी आणि नंतर, गल्लीच्या शॉटवर. बाजूच्या दुकानांतलेही ठोके हवे असतील तर तेच रेकॉर्डिंग थोडं सरकवून, वरची पट्टी कापून, १२ डेसिबल खाली ठेवा.

प्रत्येक आवाजाच्या कटवर दोन ते चार फ्रेमचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्या, नाहीतर ‘टिक’ ऐकू येतं. दोन वाक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत निव्वळ शून्य ठेवू नका. तिथे कान एकदम बंद पडल्यासारखे होतात. त्याच खोलीचा रूम टोन पसरा. शूटिंगला घेतलेलं ते कंटाळवाणं मिनिट इथे कामाला येतं. घेतलं नसेल तर टेकच्या सुरुवातीची ‘अ‍ॅक्शन’ म्हणायच्या आधीची सेकंद-दोन सेकंद शोधून जोडा. पाच सेकंदांचा तुकडाच पुन्हा पुन्हा लावला आणि त्यात कुत्रं एकदा भुंकलेलं असेल तर ते दर पाच सेकंदांनी भुंकेल.

डबिंग घरी

कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर कलाकाराला उभं करा, मागे दोन गोधड्या. माइक शूटिंगला वापरलेलाच आणि तेवढ्याच अंतरावर. चांगला स्टुडिओ माइक आणला की ते वाक्य बाकीच्या फिल्ममध्ये उपऱ्यासारखं वेगळं वाजतं. एका वेळी एकच वाक्य, आधी एक-एक सेकंदावर तीन बीप आणि चौथ्याच्या जागी वाक्य सुरू. कलाकाराला मूळ आवाज एका कानात ऐकू द्या. धावत आलेला माणूस असेल तर वाक्याआधी जागेवर पळायला लावा, धाप खोटी काढता येत नाही. मराठीत वाक्याची शेवटची क्रियापदं कलाकार गिळतात, त्यावर लक्ष ठेवा. ओठ थोडे कमी जुळले तरी चालेल, पण बोलण्याचा जोर जुळलाच पाहिजे. जुळवताना लक्षात घ्या: आवाज ओठांच्या आधी आला तर चटकन खटकतो, किंचित उशिरा आला तर तेवढा नाही. शंका असेल तेव्हा आवाज एक फ्रेम उशिरा ठेवा.

हातापायांचे आवाज

कोल्हापुरी चप्पल, रबरी स्लीपर आणि बूट, तीन वेगळे आवाज. पात्राच्या पायात जे आहे तेच घालून, तशाच जमिनीवर चालून रेकॉर्ड करा. कडी, स्टीलचा डबा, स्कूटरचं स्टँड, मिसळीच्या प्लेटमध्ये चमचा, हे सगळं रात्री बारानंतर स्वयंपाकघरात तासाभरात होतं. कपड्यांची सळसळ विसरू नका. डब केलेला सीन कोरडा वाटतो तो बहुतेक तिच्या अभावी. पावसाचा आवाज म्हणून कढईत तळण्याचा आवाज चालतो, पण पावसाळ्यात नाशकात खरा पाऊस गॅलरीतून फुकट मिळतो, तोच घ्या. इंटरनेटवरून उचललेल्या आवाजात पक्षी परदेशी असतात. द्राक्षबागेवर युरोपातलं पाखरू बोललेलं इथल्या प्रेक्षकाला नाव सांगता आलं नाही तरी खटकतं.

संगीत

‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ असा कुठलाही नियम नाही. सिनेगीत, त्याचा कराओके, कुणी बासरीवर वाजवलेली त्याची धून, सगळ्याला हक्क लागतात. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण एखाद्या गायकाने लावलेली चाल आणि त्याचं रेकॉर्डिंग त्यांचं आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं टिकतो आणि संगीतरचनेचा रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत नवं रेकॉर्डिंग करून घ्या आणि एका कागदावर परवानगीची सही घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्सचं (ठरावीक अटींवर मोफत वापरू दिलेलं) संगीत घेताना अटी वाचा. ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ (बदलून वापरू नये) लिहिलेलं चित्राखाली लावता येत नाही.

मिक्स आणि तपासणी

आधी संवाद एका पातळीवर बसवा आणि मग बाकी सगळं त्याच्या हिशोबाने वर-खाली करा. संवादाखालचं संगीत बारा ते अठरा डेसिबल खाली. संगीत खाली नेऊनही शब्द बुडत असेल तर संगीतातून २ ते ४ किलोहर्ट्झची पट्टी थोडी काढा. सतारीपेक्षा बासरी आणि व्हायोलिन संवादाला जास्त नडतात, त्यांचा सूर लांबतो.

यूट्यूबसाठी एकूण लाउडनेस उणे १४ ते उणे १६ एलयूएफएस (आवाज कानाला एकूण किती मोठा वाटतो याचं माप), टोक उणे १ डेसिबलच्या वर नको. यूट्यूब मोठ्या आवाजाला साधारण उणे १४ वर आणतंच, म्हणून सगळं दाबून मोठं करण्यात फायदा नाही. महोत्सवाने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा.

मग तीन ठिकाणी ऐका: हेडफोन, टीव्ही आणि फोनचा स्पीकर. फोनचा स्पीकर खालचे सूर वाजवतच नाही. तुमचा गूढ घुमणारा बेस तिथे नाहीसा होतो आणि सीन रिकामा वाटतो. ज्याने स्क्रिप्ट वाचलेली नाही अशा एकाला डोळे मिटून फिल्म ऐकवा आणि न कळलेले शब्द लिहून घ्यायला सांगा. तुम्हाला संवाद पाठ आहेत, त्यामुळे तुमच्या कानावर भरवसा नाही.

नामावली, सबटायटल, फाइल

काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते. प्रीमियर प्रोमध्ये प्रेफरन्सेसमधून दक्षिण आशियाई मजकुराचं इंजिन निवडा. इतरत्र जमत नसेल तर नामावली इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पीएनजी आणा. फॉन्ट युनिकोडच घ्या, मुक्ता किंवा बालू. इंग्रजी सबटायटलला ओळीत ४२ अक्षरं, एका वेळी दोन ओळी, एक सेकंदापेक्षा कमी नाही. मराठी सबटायटलची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतात.

शेवटची फाइल एच.२६४, एमपी४, १०८०पी, २५ फ्रेम, साधारण २० एमबीपीएस. आवाज एएसी ३२० केबीपीएस, ४८ किलोहर्ट्झ. परीक्षकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची वेळ आलीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवली की ती चुरगळते. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. सभागृहात दाखवणार असाल तर तासभर आधी जा आणि फिल्ममधलं सगळ्यात हळू वाक्य लावून मागच्या रांगेत उभे राहा. ते कळेपर्यंत आवाज वाढवायला सांगा, मग सगळ्यात मोठा प्रसंग लावून स्पीकर फाटत नाही ना बघा, आणि मिक्सरवरच्या त्या जागेवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा. सभागृहांतले मिक्सर भाषणासाठी लावलेले असतात, त्यामुळे वरची पट्टी चढवलेली असते. ती मध्यावर आणायला ऑपरेटरला नम्रपणे सांगा.

काम झाल्यावर संवाद, इफेक्ट आणि संगीत यांचे तीन वेगळे वेव्ह ट्रॅक पूर्ण लांबीचे काढून फिल्मसोबत ठेवा. उद्या हिंदीत डब करायचं ठरलं किंवा एखाद्या गाण्याच्या हक्कावरून वाद निघाला तर फक्त तो एक ट्रॅक बदलावा लागेल.